बोरूच्या रेघांतलं शेत

जुनं निसर्गचित्र समोर आलं की नजर आधी माणसं शोधते आणि ती दिसली नाहीत की ‘किती निवांत खेडं!’ म्हणून आपण पुढे सरकतो. एकोणिसाव्या शतकातलं रेखाटन वाचायचं तर आधी जमीन बघावी, माणसं नंतर.

सरावाला व्हिन्सेंट व्हॅन गॉगची जुलै १८८८ मधली दोन मोठी रेखाटनं घ्या. फ्रान्समध्ये आर्लजवळच्या मोंमाजूर टेकडीवरून ती काढलेली आहेत, आकार सुमारे ४९ बाय ६१ सेंटिमीटर. एक अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे, दुसरं ब्रिटिश म्युझियममध्ये.

पहिला प्रश्न: चित्रकार कुठे बसलाय? टेकडीवर. म्हणून क्षितिज कागदाच्या वरच्या भागात सरकलंय आणि खाली शेतांचे तुकडे, बांध, वाटा पसरल्यात. जपानी छापचित्रांचं त्याला वेड होतं, त्याचाही यात हात आहे. इतक्या उंचीवरून चेहरे दिसायचेच नाहीत; ते शोधत बसू नका.

मग चित्र मोठं करून शेताचा एकच तुकडा धरा. इथे घाई नको. बोरूचे आखूड फटकारे, आडव्या तुटक रेघा, नुसते ठिपके: प्रत्येक तुकड्यात हात बदललेला दिसेल. पण ठिपका म्हणजे अमुकच पीक, असा कोश नाही. हंगाम मात्र ताडता येतो. टेकडीखालच्या याच मैदानातली गव्हाची सुगी त्याने जूनमध्ये रंगवली होती. म्हणजे जुलैत गव्हाच्या बऱ्याच शेतांत धसकटं असणार, आणि नांगर दिसला तर नवल नाही.

तो आहेही. चित्रकार मित्र एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगनेच या जोडीतली वस्ती सांगितली आहे: इवलासा नांगरणारा आणि गव्हातून जाणारी छोटी आगगाडी. गाडी ब्रिटिश म्युझियमच्या चित्रात आहे. ती पाहिल्यावर हे जगापासून तुटलेलं गाव म्हणवत नाही. क्राऊचं हे मैदान मुळात गोट्यांचा माळ; सोळाव्या शतकात क्रापोनच्या कालव्याने द्युरांस नदीचं पाणी आणलं, तेव्हा त्याचे काही भाग पिकते झाले. चित्रातली माणसं मोजकी, माणसाचं काम मात्र सगळीकडे आहे.

पुढची पायरी थोडी वाकडी: चित्रात काय येऊ शकलं नाही? तिथला मिस्ट्राल वारा आणि डास. टेकडीवर बसताना दोन्हींनी छळल्याचं तो पत्रांत लिहितो. चित्रात त्यांचा मागमूस नाही.

वहीत दोन रकाने करा, एकात डोळ्यांना दिसलं ते, दुसऱ्यात तर्क. आणि तपकिरी छटा पाहून ‘उन्हाने करपलेलं रान’ असं लिहू नका. त्या काळच्या शाया उजेडाने आणि वयाने तपकिरी पडतात. मूळ रेघ बहुधा बरीच काळी होती.