हार्मोन्सच्या तक्रारी आणि डोकेदुखी: नजर वाचवण्यासाठी काय करावे

पाळी अनियमित, वजन वाढलेले आणि सकाळी उठल्यापासून डोके ठणकते. घरचे म्हणतात पित्त, शेजारीण म्हणते अर्धशिशी, आणि गोळ्या घेण्यात महिने निघून जातात. कधी कधी कारण वेगळेच असते: मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलेला असतो. गाठ नसताना होणाऱ्या या आजाराला डॉक्टर ‘आयआयएच’ म्हणतात. तो बहुतेक करून वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांना होतो आणि त्यांच्यातल्या अनेकींना पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) असतो. हा दाब डोळ्याच्या नसेवर येतो आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

१. लक्षणे लिहून ठेवा. आडवे झाल्यावर, वाकल्यावर किंवा खोकल्यावर डोके जास्त दुखते का? उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते का? कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो का? एकाचे दोन दिसतात का? पाळीच्या तारखा आणि घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही लिहा. नजरेची तक्रार असेल तर वही भरेपर्यंत थांबू नका.

२. औषधांची यादी करा. मुरुमांसाठी घेतलेली डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए, तसेच एकदम बंद केलेले स्टेरॉइड, यांमुळेही दाब वाढू शकतो. पाळीच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मात्र स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका.

३. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या नंबराची तपासणी पुरत नाही. ‘थेंब घालून मागचा पडदा तपासा’ असे स्पष्ट सांगा. बाहुली मोठी झाली की डॉक्टरांना नसेचे तोंड दिसते. ते सुजले असेल तर त्याच्या कडा पुसट होतात. नजरेच्या परिघाची तपासणीही करून घ्या, कारण आधी कडेचे दिसणे कमी होते आणि समोरचे वाचता येत असल्याने ते लक्षात येत नाही. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते. सोबत कोणीतरी असू द्या आणि गाडी चालवू नका.

४. सूज दिसली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या आणि मेंदूरोगतज्ज्ञांना भेटा. मेंदूचा आणि त्यातल्या शिरांचा एमआरआय लागतो. गाठ नाही ना, शिरेत रक्त गोठलेले नाही ना, हे त्यातून कळते.

५. त्यानंतरच पाठीतून सुईने मेंदूभोवतीचे हे पाणी काढून त्याचा दाब मोजतात. कुशीवर झोपवून मोजलेला दाब मोठ्या माणसात पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर भरला, तर तो वाढलेला मानतात.

६. उपचार नेटाने करा. दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइड या औषधाने बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बदलते. घाबरू नका, पण गरोदरपण किंवा किडनी स्टोन असेल तर आधी सांगा. खरा आधार वजन उतरवण्याचा. ८० किलो वजन असेल तर १० टक्के उतरवणे म्हणजे ८ किलो. पीसीओएस किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर त्याचे उपचारही सोबत चालू ठेवा.

७. डोके दुखणे थांबले तरी डोळ्यांची तारीख चुकवू नका. वेदना गेल्यावरही नसेची सूज राहू शकते.

एकाएकी नजर गेली, अचानक असह्य डोके दुखून उलट्या झाल्या, ताप येऊन मान आखडली किंवा शुद्ध हरपू लागली, तर थेट तातडीच्या विभागात जा.