लेकराच्या अंगावरची न हटणारी खाज



ऊस विकास विभागाच्या पानावर खाजेचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण शिवारात फिरताना उसावरच्या केवड्याइतकाच हा प्रश्न आमच्या कानावर येतो. "साहेब, पोराच्या अंगावर पुरळ उठलंय. महिना झाला, तीन मलमं झाली, हटत नाही." आम्ही शेतकी पदविकेची माणसे, औषधाची चिठ्ठी देणे आमचे काम नव्हे. मात्र निदानाची रीत शेतात आणि दवाखान्यात सारखीच असते, आणि ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

उसाचे पान पिवळे पडले, तर लोह कमी असेल, पाणी तुंबले असेल, नाही तर मुळाशी हुमणी असेल. नुसते पान तोडून दुकानात नेले तर दुकानदार बाटली देतो. सरीत उतरून बेट उपटून पाहिले तर कारण सापडते. लेकराच्या कातडीचेही तसेच आहे. पुरळ कसे दिसते एवढ्यावर थांबू नये. ते कुठे आहे, केव्हा खाजते आणि घरात आणखी कोण खाजवते, हे आधी बघावे.

दिवसा खेळणारे लेकरू रात्री पांघरुणात शिरले की खाजवून रडते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुटकुळ्या दिसतात. आणि आईला किंवा भावंडालाही खाज आहे. असे असेल तर पहिला संशय खरजेचा. तान्ह्या बाळाला तळहात, तळपाय, डोके आणि तोंडावरही ती येते, म्हणून तिथे चकायला होते. हा रोग रक्त बिघडल्याने किंवा उष्णतेने होत नाही. कातडीत बीळ करून अंडी घालणाऱ्या, जेमतेम डोळ्याला दिसेल न दिसेल अशा किडीचा हा रोग. इटलीतल्या बोनोमो आणि चेस्टोनी यांनी १६८७ सालीच ही कीड दाखवून दिली होती. गंमत अशी, की साध्या खरजेत अख्ख्या अंगावर मोठ्या किडी दहा-पंधराच असतात. बाकी सारी खाज म्हणजे शरीराने त्यांच्याविरुद्ध उठवलेली बोंब.

पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्याला खरूज देत राहतो. मलम एकट्या लेकराला लावले तर ते बरे होऊन आजीच्या कुशीतून पुन्हा घेऊन येते. एका सरीला फवारा मारून प्लॉट वाचत नाही. डॉक्टर घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायला सांगतात, ज्याला खाज नाही त्यालासुद्धा. ते बहुधा आठवड्याने पुन्हा लावायचे असते. दुसऱ्या दिवशी कपडे, गोधड्या गरम पाण्यात धुवून उन्हात घालाव्यात. धुता न येणारे पिशवीत बांधून चार दिवस बाजूला ठेवावे. अंगाबाहेर ही कीड दोन-तीन दिवसांच्या पुढे सहसा जगत नाही. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, म्हणून लगेच औषध बदलू नये.

हंगामात काही जण म्हणतात, "टोळीच्या पोरांनी आणली." खरूज कातडीला कातडी लागून, एका अंथरुणात निजून पसरते, दाटीने राहणाऱ्यांना ती जास्त होते, एवढेच. ज्याच्या फडात टोळी आहे त्याने कोपीतल्या लेकरांनाही आपल्या लेकरांसोबत दवाखान्यात न्यावे. त्यात आपलाही फायदा आहे.

गाल किंवा कोपर-गुडघ्याच्या घड्या कोरड्या, लाल आहेत आणि घरात कुणाला दमा आहे, तर इसबाचा विचार होतो. गोल चकंदळ कडेने वाढते आणि मध्ये निवळते, तो नायटा. दुकानातले मिश्र मलम लावले की त्यातल्या स्टिरॉइडने लाली दबते आणि नायटा आतून पसरतो. मग डॉक्टरलाही ओळखणे जड जाते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी पुष्कळ मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगीच नव्हे. गाजर गवताची खाज खुरपणाऱ्या मोठ्या माणसांना तोंडा-मानेवर होते, लहान लेकराला क्वचितच. फिकट किंवा लालसर चट्टा खाजतच नसेल आणि तिथे कापसाचा स्पर्शही कळत नसेल, तर महारोगाची तपासणी लगेच करावी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

एक गोष्ट मात्र आम्हांला अधिकाराने सांगता येते. खरजेच्या मलमातले परमेथ्रिन आणि कपाशीवरचे सायपरमेथ्रिन ही नावे सारखी वाटतात, म्हणून फवारणीच्या डब्यातले औषध पाण्यात कालवून लेकराच्या अंगाला लावू नका. लेकराची कातडी पातळ, त्यात खाजवून जखमा झालेल्या. विष सरळ अंगात जाते. रॉकेल आणि इंजिनचे ऑइलही नको.

खाजवलेल्या जागी पू धरला असेल आणि पुढे तोंड सुजले, लघवी कमी किंवा लाल झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करावी. तिथे उलगडा झाला नाही तर छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या त्वचारोग विभागात दाखवावे. जाताना घरातले दुसरे खाजवणारे माणूस सोबत न्यावे आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात.