लंगोट बदलताना बाळाला विचारायचं?

प्रश्न : नात सव्वा वर्षाची. सून नोकरीवर जाते म्हणून तिला नागपुरात एका ख्रिस्ती संस्थेच्या पाळणाघरात ठेवतात. तिथल्या ताई लंगोट बदलण्याआधी तिला म्हणतात, "आता तुला उचलते हं," आणि चक्क थांबतात! एवढ्याशा लेकराला काय कळतं? हे त्यांच्या धर्मातलं आहे की नवं फॅड?
— एक आजी, हिंगणघाट

उत्तर : आजी, फॅड म्हणावं तर रीत बरीच जुनी आहे. बुडापेस्टच्या डॉक्टर एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये, महायुद्धानंतर, घर नसलेल्या तान्ह्या बाळांसाठी बालगृह उघडलं. तिथल्या बायांना शिकवण एकच : भरवणं, अंघोळ, लंगोट ही कामं उरकायची नाहीत, बाळाशी ओळख वाढवायची वेळ तीच. शब्द कळत नसले तरी रोज तेच बोल आणि त्यामागून तेच काम आलं की बाळ स्वतःहून हात पुढे करू लागतं. बसता येत नसलेल्या बाळाला उशा लावून बसवायचं नाही, हाही तिथलाच नियम. (आपल्याकडे हा नियम पाळणं आज्यांना जरा जडच जाईल!)

मग यात ख्रिस्ती काय? पिकलरबाईंची पद्धत धर्माची नव्हे, वैद्यकातली. पण मार्कच्या शुभवर्तमानात मुलांना आणणाऱ्यांना शिष्य दटावतात, तेव्हा येशू शिष्यांवरच रागावतो आणि मुलांना कवेत घेतो. लूक तर तान्ह्या बाळांचाच उल्लेख करतो. म्हणून चर्चच्या बालवाड्यांना ही पद्धत आपली वाटली, तर नवल नाही.

आणि तुमच्या वर्धा जिल्ह्याला तरी रोजच्या सांभाळालाच शिक्षण मानणं परकं वाटू नये. १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची शिक्षणपद्धत, नयी तालीम, निघाली. ती राबवणाऱ्या तालिमी संघाचे सचिव ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे श्रीलंकेतले ख्रिस्ती. पत्नी आशादेवींसोबत त्यांनी सेवाग्रामला आयुष्य घातलं. पुढे क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्सही तिथे कामाला आल्या. १९४५ मध्ये गांधीजींनी शिक्षणाची सुरुवात थेट आईच्या गर्भापासून धरली. सेवाग्रामच्याच शांता नारुळकरांच्या पूर्वबुनियादी, म्हणजे लहानग्यांच्या, शाळेत अंघोळ, जेवण, स्वच्छता हाच अभ्यास होता. मात्र तिथली मुलं तुमच्या नातीपेक्षा मोठी. पाळण्यातल्या बाळांचा रोजचा सांभाळ पिकलरबाईंनी जितक्या बारकाईने पाहिला, तितका सेवाग्रामला झाला असं मी म्हणणार नाही.

खरं सांगू, गोड बोलण्यावर मी फार जात नाही. ते कोणालाही आठवड्यात शिकवता येतं. महिन्याला ताई बदलली तर त्या "उचलते हं"ला काय अर्थ? बाळाला ओळखीचे हात लागतात, आणि ते टिकवायचे तर पगार बरा द्यावा लागतो, एकीच्या वाट्याला मुलं कमी ठेवावी लागतात. तेव्हा पुढच्या खेपेला गेलात की एवढंच विचारा : नातीला रोज भरवतं कोण, आणि त्या ताई रजेवर गेल्या की कोण?