जमिनीवरचा वैमानिक

विमान चालवायचे तर विमानात बसलेच पाहिजे, असे आपल्याला वाटते. पण जमिनीवर उभे राहून विमान उडवणारे वैमानिकही असतात. त्यांचे विमान तीन-चार फूट लांब असते. वजन एखाद्या किलोच्या आसपास. बहुतेक वेळा ते त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेले असते. वैमानिक हातातल्या पेटीच्या दोन दांड्या हलवतो आणि आकाशातले विमान वळते, वर चढते, खाली येते. दोघांमध्ये दोरी नसते, तार नसते. असतात त्या फक्त रेडिओच्या लहरी. या छंदाला एरोमॉडेलिंग म्हणतात.

हा छंद खऱ्या विमानापेक्षाही जुना आहे. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत उडवून दाखवले. रबरावर उडणारे असेच एक खेळणे लहानपणी राइट बंधूंच्या हाती पडले होते. पुढे १९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकेतील जुळ्या भावांनी रेडिओच्या साहाय्याने चालणारे मॉडेल विमान उडवले. आपल्या देशात एन.सी.सी.च्या हवाई शाखेने हा छंद शाळा-कॉलेजांत नेला. ही शाखा १९५० मध्ये सुरू झाली. वर्ध्याच्या शेजारी नागपूरलाही तिचे पथक आहे. तेथील छात्रांच्या शिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश असतो.

विमान बनवायला बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. त्याचे लाकूड आपल्या सागवानाच्या साधारण पाव वजनाचे असते. ते महाग पडते, म्हणून नवशिके थर्माकोलपासून सुरुवात करतात, आणि तेच बरे. थर्माकोल तुटला तर जोडता येतो, आणि सुरुवातीला विमान तुटतेच. मात्र झटकन चिकटणारा गोंद थर्माकोलला लावू नये. त्याने थर्माकोल विरघळतो. फेव्हिकॉल लावावा आणि रात्रभर वाळू द्यावा.

धडाच्या आत एक बॅटरी आणि संदेश घेणारा रिसीव्हर बसवतात. काडेपेटीहून लहान अशा मोटारी पंखांचे आणि शेपटीचे हलणारे भाग वरखाली करतात. त्यांना सर्व्हो म्हणतात. पुढचा पंखा फिरवायला वेगळी मोटार असते. हा पंखा दिसतो खेळण्यासारखा, पण तो बोट कापू शकतो. घरी मोटार तपासताना तो आधी काढून ठेवावा. बॅटरीला भोक पडले किंवा ती चेपली तर पेट घेते. म्हणून ती घरातल्या मोठ्या माणसांसमोरच चार्ज करावी.

सगळे जोडून झाले की एक सोपी परीक्षा घ्यावी. पंखाची पुढची कड ते मागची कड हे अंतर मोजा. पुढच्या कडेपासून त्याच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर, दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान उचला. ते सरळ राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेले विमान चांगल्या वैमानिकालाही आवरत नाही. कित्येक विमाने पहिल्याच दिवशी मोडतात, ती या कारणाने.

आता जागा. वर्धा जिल्ह्यात मोकळी जमीन भरपूर आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की शेते रिकामी होतात. कपाशीच्या शेतात मात्र पऱ्हाट्या उभ्या असतात, त्यांत उतरलेल्या विमानाचे पंख फाटतात. वेळ सकाळची बरी. तेव्हा वारा शांत असतो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, वावटळी येतात आणि हलके विमान कुठल्या कुठे जाते. घारी मात्र याच हवेवर पंख न हलवता तासन्‌तास फिरतात!

रेल्वेच्या आणि विजेच्या तारांपासून दूर राहावे. माणसांच्या डोक्यावरून विमान कधीच नेऊ नये. पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार आहे, त्या बाजूला तर विमान काढूच नये. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचाही विचार केलेला आहे. विमान नजरेसमोरच ठेवावे लागते. कोठे उडवता येईल, हे सरकारी नकाशात लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांनी दाखवलेले असते. शेतमालकाची परवानगी घ्यायची, हे तर सांगायलाच नको.

विमान नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून सोडतात. ते आपल्यापासून दूर जात असते, तोवर सगळे सोपे वाटते. खरी गंमत ते परत आपल्याकडे वळते तेव्हा. आता विमानाचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताकडे असतो. दांडी उजवीकडे लोटली की विमान आपल्या डावीकडे झुकते. नवशिका गोंधळतो, आणखी जोराने दांडी लोटतो आणि दोन सेकंदांत महिन्याची मेहनत मातीत! यावर एक युक्ती आहे. विमान आपल्याकडे येत असताना जो पंख खाली झुकला असेल, त्याच बाजूला दांडी लोटावी. पंख वर येतो. ही युक्ती हाताला कळायला हवी, डोक्याने विचार करायला तेवढा वेळ मिळत नाही.

या छंदातले सर्वांत धाडसी उड्डाण २००३ मध्ये झाले. मेनार्ड हिल हे अमेरिकेतील ७७ वर्षांचे गृहस्थ. त्यांना फार कमी दिसत होते, ऐकूही कमी येत होते. तरी हाताने चाचपून ते बाल्साची विमाने बनवत. अटलांटिक महासागर ओलांडणारे मॉडेल विमान बनवायचे, हे त्यांनी ठरवले होते. आधीची विमाने समुद्र पार करू शकली नाहीत. ९ ऑगस्टला कॅनडाच्या किनाऱ्यावरून त्यांनी आणखी एक विमान सोडले. इंधनासह त्याचे वजन ५ किलोच्या आत होते. समुद्रावर यंत्रच त्याला दिशा दाखवत होते. ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे ३,०३० किलोमीटर उडून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसू लागले. तेथे थांबलेल्या साथीदाराने रेडिओच्या पेटीने ते गवतावर उतरवले. टाकीत थोडेसेच इंधन उरले होते.