नकाशातले आपले घर : भूवापर आणि रस्ते यांच्या आराखड्याचा अभ्यास

प्रत्येक गावाचा एक आराखडा असतो. तो कागदावर यायच्या आधीच जमिनीवर आखलेला असतो. पाण्याचा वरचा घाट कोणाचा, खालचा कोणाचा, वेशीच्या आत कोण राहणार आणि गावकुसाबाहेर कोण, मेलेली जनावरे कोठे टाकायची, गावात येणारी वाट कोणाच्या दारावरून जाणार, हे सारे आपल्या पूर्वजांना न विचारता ठरलेले होते. आजच्या शास्त्रीय भाषेत यालाच भूवापर आणि दळणवळण यांचे नियोजन म्हणावे लागेल. त्या नियोजनाला आक्षेप घेण्याची मुदत नव्हती, सुनावणी नव्हती आणि वीस वर्षांनी फेरविचारही नव्हता. आजच्या आराखड्याला हे तिन्ही आहे. म्हणूनच तो वाचायला शिकणे हे आम्ही नागरिकशास्त्राचे महत्त्वाचे अंग मानतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे हा विषय मांडीत आहोत.

आराखड्याचा इतिहास

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये तेथे सुधार न्यास स्थापन झाला. हैदराबादेत १९०८ साली मुसी नदीला महापूर आला आणि १९१२ मध्ये तेथेही शहर सुधार मंडळ निर्माण झाले. उदगीर त्या काळी हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचा तालुका होता. नियोजनाची ही दोन्ही पावले आपत्तीनंतर पडली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून मुंबई राज्यात आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला. आज आपल्याला लागू असलेला मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६.

या कायद्यात तीन थर आहेत. मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, शहरासाठी विकास योजना आणि शहरातील एखाद्या भागासाठी नगररचना परियोजना. उदगीरसारख्या, २०११ च्या जनगणनेत एक लाखाची लोकसंख्या ओलांडलेल्या शहराचा संबंध मुख्यतः विकास योजनेशी येतो. लोक तिलाच ‘डीपी’ म्हणतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विषयाकडे कसे पाहत होते, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज, पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकाम हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या विकासाचा विचार त्यांच्या कारकिर्दीत पुढे सरकला. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श त्यामागे होता. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करावयाचा, ही त्यातील दृष्टी. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असे मांडले आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक सरकारी जमीन देण्याची योजनाही सुचविली. जमीन कोणाच्या हाती आणि वस्ती कोठे, हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी एकमेकांपासून वेगळे नव्हते.

नकाशा वाचावा कसा

विकास योजनेचा नकाशा प्रथम पाहणाऱ्याला तो रंगीत गोधडीसारखा दिसतो. सर्वसाधारण संकेतानुसार पिवळा रंग निवासी वापराचा, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, तांबडा सार्वजनिक व निमसार्वजनिक आणि हिरवा उद्याने व शेतीचा. मात्र प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातील सूची पाहिल्यावाचून रंगांचा अर्थ लावू नये. रंगाइतकेच महत्त्व आरक्षणांच्या क्रमांकांना असते. शाळा, दवाखाना, क्रीडांगण, भाजी बाजार, स्मशानभूमी यांसाठी राखलेल्या जागा क्रमांकाने दाखवितात आणि त्यांचा खुलासा सोबतच्या तक्त्यात व अहवालात असतो. नकाशा पाहिला आणि अहवाल पाहिला नाही, तर अभ्यास अर्धाच राहतो.

आता प्रमाणाचा विचार करू. समजा, नकाशाचे प्रमाण १ : ५००० आहे. म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर जमिनीवर ५० मीटर. अठरा मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता या कागदावर ३.६ मिलिमीटर रुंद दिसेल. एका कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून घेतलेला एक गुंठ्याचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा प्लॉट त्याच कागदावर केवळ २ मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन होतो. रस्त्याची रेघ त्या घरापेक्षा जाड असते. ती रेघ थोडी डावीकडे सरकली तर घर राहते आणि उजवीकडे सरकली तर घर जाते. हे गणित आम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर मांडतो, तेव्हा वर्ग अगदी शांत होतो.

गुंठेवारीत जागा घेणाऱ्यांनी तर हे गणित घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावे. शेताचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर झालेले व्यवहार आपल्या शहरांच्या कडेकडेने हजारोंनी आढळतात. अशा बांधकामांच्या नियमितीकरणासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आणली आहेत. तथापि, जागा घेण्यापूर्वी तिचा गट क्रमांक घेऊन नगरपरिषदेत ‘झोन दाखला’ आणि ‘भाग नकाशा’ मागावा. त्यासाठी फी भरावी लागते. पण आरक्षणात गेलेल्या प्लॉटपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.

आराखडा कसा तयार होतो

प्रथम नियोजन प्राधिकरण विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर सर्वेक्षण होऊन विद्यमान भूवापराचा नकाशा बनतो. आज जे आहे ते या नकाशात उतरले नाही, तर उद्याच्या नकाशात ते असण्याचे कारण उरत नाही. वीस वर्षे जुनी वस्ती जर ‘मोकळी जागा’ म्हणून रंगविली गेली, तर तिच्यावर आरक्षण पडणे ओघानेच येते. म्हणून ही पायरी सर्वांत मोलाची आहे; पण बहुतेक लोकांचे लक्ष तिच्याकडे जात नाही.

पुढे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि कलम २६ नुसार हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत सूचनेतच छापलेली असते. ती दिवसांत मोजली जाते, वर्षांत नव्हे. कलम २८ नुसार नियोजन समितीपुढे सुनावणी होते. अखेर कलम ३१ नुसार शासन मंजुरी देते. कलम ३८ प्रमाणे किमान वीस वर्षांतून एकदा योजनेची सुधारणा करावयाची असते. आरक्षित जमीन योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालकाने नोटीस दिल्यावर २४ महिन्यांत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, अशी तरतूद कलम १२७ मध्ये आहे. येथे एक दुहेरी सत्य ध्यानी घ्यावे. हे कलम मालकाला न्याय देते. परंतु आपल्या वस्तीजवळच्या शाळेचे किंवा मैदानाचे आरक्षणही त्यामुळेच निसटू शकते. तेव्हा पाठपुरावा दोन्ही बाजूंनी हवा.

राष्ट्रीय महामार्गाची रीत वेगळी आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार भूसंपादनाच्या अधिसूचनेनंतर हरकतीसाठी केवळ २१ दिवस मिळतात. उदगीर हे दोन राष्ट्रीय महामार्गांवरचे ठिकाण आहे : नांदेड-कंधार-जळकोटकडून येऊन बिदरकडे जाणारा क्रमांक ५० आणि लातूरकडून देगलूरकडे जाणारा क्रमांक ६३. रस्ता आला की त्याच्या कडेच्या जमिनीचा भाव चढतो आणि भूवापर बदलतो. त्यामुळे रस्त्याचा आराखडा आणि जमिनीचा आराखडा वेगवेगळे वाचता येत नाहीत. अमेरिकेत महानगर प्रदेशांच्या वाहतूक योजनेला किमान वीस वर्षांचा पल्ला ठेवणे कायद्याने आवश्यक केले आहे, ते याच जाणिवेतून.

रेघ कोणावरून जाते

त्याच अमेरिकेचा इतिहास दुसरीही बाजू दाखवितो. १९३० च्या दशकात तेथील गृहकर्जविषयक सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोक्याच्या’ म्हणून तांबड्या रंगात दाखविल्या आणि तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. पुढे महामार्ग बांधताना सेंट पॉल शहरातील रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती रस्त्याने मधोमध चिरली. नकाशाच्या रंगात द्वेषाचा एक शब्दही लिहावा लागला नव्हता.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण याहून जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली. इतक्या गावांचे भूवापर आणि रस्ते कोऱ्या कागदावर आखण्याची संधी या भागाला कधी मिळाली नव्हती. रुंद रस्ते, सरळ गल्ल्या, शाळा, समाजमंदिर, भूकंपरोधक घरे, हे सारे झाले. त्या कामाचे श्रेय नाकारता येत नाही.

परंतु घराचे आकारमान कसे ठरले? धारण केलेल्या जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. निकष जमिनीचा होता, जातीचा नव्हता. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. ज्यांच्या पूर्वजांना जमीन धारण करू दिली नाही, त्यांच्या नातवंडांना त्याच कारणाने सर्वांत लहान घर मिळाले. माणसे भूकंपात सारखीच दबली होती. पुनर्वसनाच्या नकाशात ती पुन्हा तीन प्रतींत विभागली गेली. शिवाय नवी गावे जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरली. बैलगाडी किंवा मोटारसायकल असणाऱ्याला ते अंतर जाणवत नाही. डोक्यावर सरपण घेऊन चालणाऱ्या मजूर बाईला ते रोज मोजावे लागते. नियोजनात जमिनीचे माप जेव्हा माणसाचे माप होते, तेव्हा काय घडते याचा हा धडा आहे.

आपण काय करावे

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि भूवापराचे नियमन हे नगरपालिकांचे विषय म्हणून सर्वप्रथम नोंदविले आहेत. जिल्हा नियोजन समितीतील चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या प्रतिनिधींमधून यावेत, असेही संविधान सांगते. दार उघडे आहे. आत जाण्यासाठी तयारी हवी. राज्य शासनाने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण पाटी बदलली तरी गटार तेथेच थांबत असेल आणि डांबर अलीकडेच संपत असेल, तर काम अजून बाकी आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना सुटीत एक स्वाध्याय द्यावा असे आम्ही सुचवितो. माजी विद्यार्थ्यांनीही तो करावा. आपल्या वस्तीचा हाती नकाशा काढा. घरे, नळ, गटारे, दिवे, विहार, अंगणवाडी, दफनभूमी वा स्मशानभूमी आणि तिकडे जाणारी वाट त्यावर दाखवा. शाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. मग तोच भाग मंजूर विकास योजनेत शोधा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जे एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, ती आपली हरकत. ती लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला एकट्याने न जाता दहा जण जा आणि बोलण्याची संधी वस्तीतल्या बाईला द्या, कारण पाण्याचे व सरपणाचे अंतर तिला पाठ असते.

शिक्षणाने आपल्याला संविधान वाचता आले. आता नकाशा वाचता यावा. पुढील वीस वर्षांत उदगीरच्या कडेला ज्या रेघा ओढल्या जातील, त्या ओढताना आपली मुले टेबलाच्या अलीकडे हरकतीचा अर्ज घेऊन उभी असावीत आणि त्यांतील काही जण टेबलाच्या पलीकडे नगररचनाकार म्हणून बसलेली असावीत, हीच या शाळेकडून आमची अपेक्षा आहे.