शब्दांची कुळे

आहार, विहार, प्रहार, संहार आणि उपहार हे पाच शब्द मराठी विद्यार्थ्याच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांचे अर्थ निरनिराळे असले, तरी त्यांचे कूळ एकच आहे. नेणे किंवा घेणे या अर्थाच्या ‘हृ’ या संस्कृत धातूला आ, वि, प्र, सं आणि उप हे उपसर्ग लागून ते सिद्ध झाले आहेत. माणसांप्रमाणे शब्दांनाही भाऊबंद असतात. आणि घरातील वडीलधारे माणूस ओळखीचे झाले, की त्या घरची मुलेबाळे परकी वाटत नाहीत.

इंग्रजी शब्दांचीही हीच गोष्ट आहे. तरीही अनेक विद्यार्थी ते शब्द एकेक करून घोकतात. आज पाठ केलेला शब्द उद्या विसरतो, आणि एखादा लांबलचक शब्द समोर आला की धीर खचतो. घोकण्याचे हे श्रम पुष्कळसे वाचवणारा मार्ग म्हणजे शब्दाचे मूळ शोधणे.

इंग्रजी ही मूळची जर्मानिक कुळातील भाषा. घर, पाणी, आई यांसारख्या नित्याच्या गोष्टींसाठी तिच्यात जे शब्द आहेत, ते त्याच कुळातले आहेत. परंतु १०६६ साली फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. फ्रेंच ही लॅटिनची कन्या. त्यामुळे राज्यकर्त्यांच्या भाषेबरोबर लॅटिन कुळातील असंख्य शब्द इंग्रजीत आले. पुढे युरोपात प्राचीन विद्येचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पंडितांनी ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतून आणखी शब्द घेतले. मराठीत नवा शब्द घडवताना जसे संस्कृतचे साहाय्य घेतात, तसे इंग्रजी शास्त्रज्ञांनी या दोन भाषांचे घेतले.

लॅटिनमध्ये ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणे. या एका क्रियापदाचा विस्तार पाहण्यासारखा आहे. माल देशात आणणे ते ‘इम्पोर्ट’, देशाबाहेर नेणे ते ‘एक्स्पोर्ट’, एका ठिकाणाहून पलीकडे नेणे ते ‘ट्रान्सपोर्ट’. ओझे वाहणारा तो ‘पोर्टर’. पाहिलेली हकीकत परत आणून सांगणे तो ‘रिपोर्ट’, आणि खालून भार तोलून धरणे तो ‘सपोर्ट’. एक मूळ कळले आणि सहा शब्द हाती आले.

ग्रीक भाषेतील ‘टेली’ म्हणजे दूर. दूरचा आवाज ऐकवणारा तो टेलिफोन. मराठीने त्याला ‘दूरध्वनी’ म्हटले. १६०९ साली गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे वळवली. १६११ साली त्या यंत्राला ‘टेलिस्कोप’, म्हणजे दूरचे पाहणारे, असे नाव मिळाले. मराठीतील ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आला आहे आणि त्याचाही अर्थ दूरचे पाहणारी असाच आहे. ‘हिप्पोपोटॅमस’ हे भले मोठे नावही असेच सोपे आहे. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा आणि ‘पोटॅमॉस’ म्हणजे नदी. मराठीतला पाणघोडा तो हाच! ‘ऑटोबायोग्राफी’ या शब्दात ‘ऑटो’ म्हणजे स्वतः, ‘बायो’ म्हणजे जीवन आणि ‘ग्राफी’ म्हणजे लेखन. तेव्हा स्वतः लिहिलेले स्वतःचे जीवन, अर्थात आत्मचरित्र.

मराठी विद्यार्थ्याला या अभ्यासात एक विशेष लाभ आहे. १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स यांनी एक मत मांडले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतील साम्य इतके आहे, की त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे ते म्हणाले. पुढील संशोधनाने या मताला बळकटी आली. दाताच्या डॉक्टरला ‘डेंटिस्ट’ म्हणतात. त्यातला ‘डेंट’ आणि आपला ‘दंत’ हे सगोत्र आहेत. सायकलच्या ‘पेडल’मध्ये आपला ‘पाद’च लपला आहे. लॅटिनमधील सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेसेम हे अंक म्हणजे आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांचे भाऊबंद. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावे त्यांवरूनच पडली. मग सप्टेंबर हा सातवा महिना न ठरता नववा कसा? याचे कारण असे, की रोमन लोकांच्या जुन्या कालगणनेत वर्षाचा आरंभ मार्च महिन्यापासून होत असे. पुढे वर्षारंभ बदलला, पण नावे तीच राहिली.

मात्र या मार्गावर सावधपणाने चालले पाहिजे. ‘बायसिकल’मधील ‘बाय’ म्हणजे दोन, म्हणून ती दोन चाकांची. पण ‘बायॉलॉजी’ म्हणजे दोन शास्त्रे नव्हेत. तेथे ‘बायो’ म्हणजे जीवन. नाद सारखा असला म्हणून कूळ एक ठरत नाही. दुसरे असे, की शब्दाचे मूळ कळले म्हणजे वस्तूचे सत्य कळले असेही नाही. ‘ॲटम’ या ग्रीक शब्दात ‘अ’ नकारार्थी आहे, आपल्या ‘अखंड’मधल्यासारखाच, जो कापता येत नाही तो ॲटम. परंतु १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला, आणि अणूलाही घटक असतात हे दिसून आले. समजूत बदलली, नाव मात्र टिकून राहिले.

म्हणून नवा शब्द भेटताच प्रथम त्याची फोड करावी, मग वाक्यातील संदर्भ पाहून अर्थाचा अंदाज बांधावा आणि शेवटी शब्दकोश उघडून तो पडताळून पाहावा. एका वहीत प्रत्येक मुळासाठी एक पान राखून ठेवावे आणि नवे शब्द भेटतील तसे त्या पानावर लिहीत जावे. वर्षअखेरीस ती वही चाळणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दांत कितीतरी ओळखीचे चेहरे दिसू लागतील, आणि त्यांपैकी काही आपल्याच घरातले आहेत हेही त्याच्या ध्यानात येईल.

स्वाध्याय

१. ‘पोर्टारे’ या मुळापासून झालेले शब्द सांगून प्रत्येकाचा अर्थ लिहा.
२. सप्टेंबर हा आज नववा महिना असूनही त्याचे नाव सातावरून का पडले?
३. ‘थर्मो’ म्हणजे उष्णता, ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म, ‘मीटर’ म्हणजे मापक. यांच्या आधारे थर्मामीटर आणि मायक्रोस्कोप या शब्दांची फोड करा.
४. ‘कृ’ या धातूला उपसर्ग लागून झालेले पाच मराठी शब्द लिहा.