काळ्या रानातली माती आणि पाणी फोडणारे पापुद्रे



उन्हाळ्यात भारी काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला दमदार पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात, जमीन फुगते आणि बैल रुतावा असा चिखल होतो. हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण माती फुगते म्हणजे नेमके काय होते? याचे उत्तर समजले, तर पाण्यापासून हायड्रोजन काढण्याची जी खटपट आज जगभर चालली आहे तीही समजते. आणि त्या खटपटीचा धागा थेट आपल्या युरियाच्या पोत्यापर्यंत येतो. म्हणून या पाठासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

मातीचे पापुद्रे

काळ्या जमिनीतला चिकण भाग मुख्यतः माँटमोरिलोनाइट गटाच्या खनिजांचा असतो. त्याचा प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते दूर सरकतात व माती फुगते; पाणी गेले की जवळ येतात व भेगा पडतात.

या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. ॲल्युमिनियमच्या जागी काही ठिकाणी मॅग्नेशियम बसलेला असतो. ॲल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत एक धनभार कमी पडतो. ही तूट भरून काढायला कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम असे धनभारित कण मधल्या जागेत येऊन बसतात. तिथे सोडियमची गर्दी झाली की आपण म्हणतो, रान चोपण झाले.

युरिया टाकल्यावर आधी त्याचे अमोनियम होते. ते धनभारित, म्हणून माती त्याला धरते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते ऋणभारित, त्याला माती थारा देत नाही. पाट भरून पाणी सोडले की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. खताचा हप्ता विभागून द्या व पाणी बेताने द्या, असे आम्ही वारंवार सांगतो त्याचे मूळ इथे आहे.

उलट्या भाराची माती

निसर्गात याच्या अगदी उलट घडणही आहे. स्कँडिनेव्हियात १८४२ साली हायड्रोटाल्साइट नावाचे खनिज सापडले. त्यात मॅग्नेशियमच्या जागी काही ठिकाणी ॲल्युमिनियम बसलेला असतो. इथे प्रत्येक अदलाबदलीत एक धनभार जास्त होतो. पापुद्रे धनभारित झाले, म्हणून मधल्या जागेत कार्बोनेट, नायट्रेट असे ऋणभारित कण व पाणी राहते. या घडणीच्या पदार्थांना 'स्तरित द्वि-हायड्रॉक्साइड' म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ सोपा : दोन धातूंचे, थराथरांचे हायड्रॉक्साइड.

मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमऐवजी निकेल आणि लोखंड घेतले, तर हाच पदार्थ विजेच्या कामात उत्तम उत्प्रेरक ठरतो.

उत्प्रेरक म्हणजे काय?

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे कुणाला सांगायला नको. उसातले इन्व्हर्टेज नावाचे द्रव्य साखरेचे तुकडे करते, पण स्वतः खर्ची पडत नाही. क्रिया सोपी करायची आणि आपण शिल्लक राहायचे, हे उत्प्रेरकाचे काम. उसात तो आपले नुकसान करतो. कारखानदारीत तोच फायदा करून देतो.

पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवून वीज सोडली की ऋणाग्रावर हायड्रोजन व धनाग्रावर प्राणवायू निघतो. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो प्राणवायू मिळतो. शास्त्राप्रमाणे यास किमान १.२३ व्होल्ट दाब पुरावा. प्रत्यक्षात कारखान्यातील घटास १.८ ते २ व्होल्ट लागतात. अडते मुख्यतः धनाग्रावर. प्राणवायूचा एक रेणू सुटायला चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने काढावे लागतात, आणि तिथे वीज वाया जाते. निकेल-लोखंडाच्या पापुद्र्यांवर हे टप्पे सोपे होतात.

गंमत अशी की निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांना लोखंडाची भेसळ मुळीच नको असे. कारण तिने बॅटरी भरताना प्राणवायू सुटून वीज वाया जाई. १९८७ साली डेनिस कॉरिगन यांनी दाखवले की निकेलमधील लोखंडाचा अगदी थोडा अंशसुद्धा प्राणवायू काढणे सोपे करतो. एकाची खोड ती दुसऱ्याचा गुण! २०१३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला हे पापुद्रे कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर वाढवून फार चांगला परिणाम मिळाला. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी उघड केले की निकेलचा म्हणून समजला जाणारा बराचसा गुण, द्रावणातून नकळत आलेल्या लोखंडाचाच होता. निकेल-लोखंड हे इरिडियमसारख्या दुर्मिळ धातूपेक्षा कितीतरी स्वस्त, हे आणखी एक.

आपल्या पोत्याचा हिशेब

आता तुम्ही म्हणाल, दशांश व्होल्टाने असा काय फरक पडतो? हिशेब करू. १ किलो हायड्रोजनला प्रत्येक व्होल्टामागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. २ व्होल्टला ५३ युनिट, १.८ व्होल्टला ४८. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यासाठी सुमारे २५.५ किलो अमोनिया लागतो व त्यात साडेचार किलो हायड्रोजन असतो. म्हणजे ०.२ व्होल्ट वाचला तर पोत्यामागे सुमारे २४ युनिट वाचतात.

पाणी फोडून खत करणे आपल्या देशाला नवे नाही. पंजाबात नांगल येथे १९६१ साली भाक्रा धरणाच्या विजेवर असा खत कारखाना सुरू झाला होता. पुढे विजेची मागणी वाढली आणि ती पद्धत तिथे मागे पडली. आज देशातला युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो व त्यातला बराच वायू परदेशातून येतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. ते कितपत साधेल हे विजेच्या दरावर आणि अशा पापुद्र्यांच्या टिकाऊपणावर अवलंबून राहील. कारण उणिवा आहेतच : पापुद्र्यांतून वीज सहजी वाहत नाही, म्हणून ते निकेलच्या जाळीवर बसवावे लागतात, आणि त्यांतले लोखंड हळूहळू झिजून द्रावणात उतरते.

एक इशारा. 'पाण्यावर चालणारी मोटार' म्हणून कुणी यंत्र विकायला आला तर पैसे देऊ नका. ५० युनिट घालून काढलेला १ किलो हायड्रोजन जाळला तर जास्तीत जास्त ३९ युनिट उष्णता मिळते. उत्प्रेरक तोटा कमी करतो, फुकट काही देत नाही. तसेच घरी हा प्रयोग मुलांना करू देऊ नका. हायड्रोजन व प्राणवायूचे मिश्रण ठिणगीने स्फोट पावते.

आणि हा कारखान्यातला हिशेब कधी जमायचा तेव्हा जमो. रानातला आपल्या हातात आहे. एवढी वीज आणि एवढा वायू खर्चून पोत्यात आलेले नत्र एका जादा पाण्याने वाहून जाते. पुढच्या पाळीला बारे उघडताना एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.